टोकन नंबर ४१७६३

नियम असा होता की घरात सायकलचं नाव काढायचं नाही. आणि का काढायचं नाही, हे तर मुळीच विचारायचं नाही.

बाकीच्या नियमांना त्या घरात पळवाटा होत्या. चातुर्मासात कांदा वर्ज्य होता, पण पाऊस लागला की कमलआत्याच भज्यांचं पीठ भिजवायची आणि 'देवाला वास येत नाही' असं सांगायची. सायकलच्या नियमाला मात्र कुठूनही वाट नव्हती. योगिनीने सहाव्या वाढदिवसाला सायकल मागितली, तेव्हा बाबांना ठसका लागला, जितेंद्रकाका पंखा दुरुस्त करायला उठले (पंखा चालू होता), आणि आत्याने तिच्या ताटात एकदम दोन गुलाबजाम वाढले. आई तेवढी खाली मान घालून जेवत राहिली. सोळाव्या वर्षी स्कूटी न मागता मिळाली. त्यामुळे पंचविसाव्या वर्षी योगिनीला स्कूटी येत होती, कार येत होती, मंडीदीपच्या ज्या औषध कंपनीत ती क्वालिटी खात्यात नोकरीला होती तिथला फोर्कलिफ्टसुद्धा तिने एकदा पैजेवर चालवून दाखवला होता. सायकल येत नव्हती.

इंद्रपुरीतलं ते घर आजोबांनी, म्हणजे अच्युतरावांनी बांधलेलं. साठच्या दशकात ते साताऱ्याहून भोपाळला कारखान्यात आले आणि इन्स्पेक्शन खात्यात चिकटले. पुढे सुरेश आणि जितेंद्र ही दोन्ही मुलं त्याच खात्यात लागली. दुसऱ्याने केलेल्या कामातली खोट काढणं हा तिघांचाही पोटापाण्याचा धंदा, आणि धंदा घरी आणू नये ही अक्कल तिघांनाही नव्हती. ताटात पोळी पडली की ती आधी उजेडासमोर धरली जायची. मग निकाल: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. कमलआत्या, म्हणजे ह्या दोघांची थोरली बहीण, कारखान्यात कधीच नव्हती. पण खात्याची खरी मुख्य तीच, ह्याबद्दल घरात दुमत नव्हतं.

आजोबांकडे आकडे ठोकायचे पोलादी पंच होते. इतर मराठी घरांत भांड्यांवर नाव घालतात, लग्नाची तारीख घालतात, कुणाकडून कुणाला सप्रेम भेट ते घालतात. ह्या घरात आजोबांचा कारखान्यातला टोकन नंबर घातला जायचा. ४१७६३. तव्यावर ४१७६३, शिडीवर ४१७६३, खलबत्त्यावर, इस्त्रीवर, कुकरच्या झाकणावर ४१७६३. "सुनेच्या कपाळावर तेवढा ठोकायचा राहिला," असं योगिनी मोठ्याने म्हणायची. आई म्हणायची, "हळू बोल गं."

ती आई, सुचेता, दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गेली. चौदाव्या दिवशी आत्याने कपाट उघडलं. गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात अडकवून ठेवू नयेत, जीव अडकतो, हा आणखी एक नियम. दुपारपर्यंत साड्या, शाली, स्वेटर, चष्मासुद्धा योग्य त्या हातांत पोहोचला. योगिनी तेव्हा भिंतीला टेकून बसली होती आणि कुणीतरी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत होती. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या वाट्याला दोन गोष्टी उरल्या होत्या. एक जुनी पर्स, चेन तुटलेली, सगळ्यांनी नको म्हटलेली. आणि कागदांचं प्लास्टिकचं फोल्डर.

पर्समध्ये पन्नास पैशांचं एक नाणं होतं, एका कडेने झिजून पातळ झालेलं. फोल्डरमध्ये एका अर्जाची कार्बन कॉपी होती. पोलीस चौकीला लिहिलेला अर्ज, सत्तावीस वर्षांपूर्वीचा, हिंदीतला. अक्षर मात्र बाबांचं, इन्स्पेक्शन रिपोर्टसारखं मोत्यासारखं. 'माझ्या पत्नीची सायकल राहत्या घराच्या आवारातून चोरीस गेली आहे. वर्णन: लेडीज, जुनी, काळा रंग. दांड्यांचे ब्रेक. समोरचा बिल्ला गहाळ. चेनकव्हरवर आवळ्याएवढा पोचा. घंटी नाही. पायडलांमधल्या नळीच्या खालच्या बाजूस ४१७६३ हा आकडा ठोकलेला.'

आईची सायकल! नियमाचं मूळ असं एका पानावर सापडलं. घराच्या आवारातच चोरी झाली, अच्युतरावांचा अपमान झाला, म्हणून विषय बंद. योगिनीला हसू आलं, आणि मग येईना. कारण तिला एकदम आठवलं की बाजारात, देवळाबाहेर, दवाखान्याबाहेर, जिथे म्हणून लेडीज सायकल उभी दिसायची, तिथे आई वाकायची. चपलेचा पट्टा नीट करते, असं म्हणायची. योगिनीला उशीर व्हायचा आणि ती चिडायची, "आई, बदल ना ती चप्पल!" आईच्या चपलेला पट्टा नव्हताच. साधी अंगठ्याची चप्पल होती. वीस-बावीस वर्षं रोज पाहिलेली ती चप्पल (क्वालिटीत काम करणाऱ्या मुलीने, नोंद घ्यावी) तिने कधी पाहिलीच नव्हती.

त्या दिवसापासून योगिनी वाकायला लागली.

शेवटी मिसरोदमध्ये, एका शनिवारी, कंपनीच्या बसच्या खिडकीतून तिला ती दिसली. 'पिंकी सायकल स्टोर'. जुन्या सायकली रस्त्याकडे तोंड करून ओळीने उभ्या, आणि टोकाला एक लेडीज. दांड्यांचे ब्रेक! योगिनीने बस थांबवली. दुकानात पिंकी नव्हती. मेंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा होते.

"देख लो बिटिया. विलायती माल है. अंग्रेज छोड के गए थे."

"अंग्रेज लेडीज सायकल छोड गए?"

"क्यों, मेम नहीं थी उनकी?" चाचा दुखावले.

योगिनीने अर्ज काढला आणि एकेक कलम ताडून पाहिलं. काळा रंग? सायकल हिरवी होती, पण नखाने खरवडल्यावर खाली निळी निघाली आणि निळ्याखाली काळी. पास. बिल्ला? समोर नुसती दोन भोकं. पास. चेनकव्हरवर पोचा होता. आवळ्यापेक्षा पेरूला जवळचा, पण सत्तावीस वर्षांत पोचाही वाढत असेल. घंटी नाही, पास. (भोपाळमध्ये घंटी असलेल्या जुन्या सायकली किती, हा प्रश्न तिच्या मनाला शिवला नाही.) खालच्या नळीवर रंगाची आणि वंगणाची इतकी पुटं होती की नंबर दिसेना. तिने पर्समधलं ते नाणं काढलं, वाकली आणि घासलं. बोटाला काहीतरी लागलं. चार असावा. चारच होता.

गोळीवर एक काळा ठिपका दिसला तर अख्खी बॅच अडवून धरणारी ही मुलगी. तिने ती सायकल चार मिनिटांत पास केली.

"चौदह सौ," चाचा म्हणाले. "चला के देख लो."

"नहीं चाचा. ऐसे ही ले जाऊँगी."

ऐसे ही म्हणजे हाताने ढकलत. मिसरोद ते इंद्रपुरी, मे महिना, दुपारचे तीन. सायकल हातात धरून चालणं सोपं असतं असा तिचा समज होता. पहिल्या किलोमीटरमध्ये पायडलने तिची पोटरी चार वेळा फोडली. प्रत्येक चौकात कुणी ना कुणी थांबायचं. "हवा निकल गई क्या दीदी?" ती म्हणायची, हो. पंक्चरवाल्याने टपरीतून हाक मारली, टायर दाबून पाहिला आणि म्हणाला, "हवा तो है!" ती म्हणाली, "फिर मेरी निकल गई होगी."

पण मनातून ती हवेत होती. ह्याच रस्त्याने आई उलट्या दिशेने मिसरोदच्या शाळेत शिकवायला जायची, एवढं तिला माहीत होतं. उज्जैनहून सासरी येताना बाईने दागिने कमी आणि सायकल आणली, हा किस्सा मामाने एकदा सांगितला होता. पुढे शाळा का सुटली, ते कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला कळत होतं. सायकल चोरीला गेली, मग शाळा गेली. आणि आज, हे हँडल, ही रबरी मूठ, इथे आईचा हात होता. तिने ओढणीने मुठीवरचा घाम पुसला. आपला घाम त्यावर नको.

घरी व्हरांड्यात चहा चालला होता. योगिनीने फाटक लाथेने उघडलं, सायकल मोगऱ्याच्या कुंडीशेजारी मागच्या स्टँडवर चढवली (तिसऱ्या प्रयत्नात) आणि हात पसरून म्हणाली, "ओळखा!"

आत्याचा चहा बशीत तसाच राहिला. काका अर्धवट उठले. "ही इथे कशी..." म्हणाले आणि परत बसले. बाबा पुढच्या चाकाकडे बघत होते.

"योगिनी," आत्या म्हणाली, "घरात नियम काय आहे?"

"नाव काढायचं नाही. मी नाव काढलंच नाही, आत्या. वस्तू आणली." तिने अर्ज बाबांच्या मांडीवर ठेवला. "आईची सापडली."

"कशी सापडेल?" काका एकदम म्हणाले. मग खोकले. "म्हणजे, इतक्या वर्षांनी कशी सापडेल, असं म्हणतोय मी."

बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हा कुठे होता?"

"आईच्या फोल्डरमध्ये. तुमचंच अक्षर ना?"

"अक्षर माझं आहे," बाबा म्हणाले. जणू बाकीचं दुसऱ्या कुणाचं होतं.

"मग बघा की! पोचा बघा, ब्रेक बघा. खाली नंबर आहे, चार तर मी स्वतः वाचलाय. कुणी काही बोलत का नाही? आई पंचवीस वर्षं शोधत होती, आणि मी दोन वर्षांत आणली!"

मग जितेंद्रकाकांनी आयुष्यभर संकटात केलं तेच केलं. "आधी इन्स्पेक्शन होऊ दे," म्हणाले. "असं तोंडी पास करता येत नाही."

व्हर्नियर आला, भिंग आलं, रॉकेलची वाटी आली, पॉलिश पेपर आला. सायकल गोणपाटावर उलटी झाली. आणि खरं सांगायचं तर पुढची वीस मिनिटं तो व्हरांडा सुखी होता. दोन निवृत्त माणसं गुडघ्यांवर बसून एका नळीचं माप घेत होती. "भिंग तिरकं धर, सुरेश." "रॉकेल मुरू दे रे, घाई काय." आत्यासुद्धा खुर्ची ओढून वाकली आणि "ह्याला कधी कुणी फडकं लावलं नाही, बाई दिसत नाही ह्याच्या घरात," असा स्वतंत्र रिपोर्ट दिला. योगिनीने बाबांना आई गेल्यापासून इतकं तरतरीत पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, एवढ्यासाठी तरी चौदाशे रुपये वसूल.

हिरवा गेला, निळा गेला. काळ्याखालून आकडे वर आले.

"चार," काका म्हणाले.

"बघा!"

"एक."

योगिनीने बाबांचा दंड धरला. दंड थंडगार होता.

काकांनी फुंकर मारली, भिंग पुसलं, पुन्हा लावलं. "दोन. शून्य. आठ." ते ताठ बसले. "चार एक दोन शून्य आठ. सुरेश, तू वाच."

बाबांनी वाचलं. "एक्केचाळीस हजार दोनशे आठ."

म्हणजे कारखान्यात आणखी एक गृहस्थ होते तर. घरातल्या बाईच्या सायकलीवर स्वतःचा नंबर ठोकणारे. योगिनीला हे सुचलं तेव्हा रडू यायच्या बेतात होतं, म्हणून ती बोलली नाही.

काका मात्र उजळले होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा निकाल कधी चुकला नव्हता आणि आजही चुकला नव्हता. हातातलं फडकं त्यांनी विजयी वीरासारखं मांडीवर आपटलं. "रिजेक्ट! पाहताक्षणी मी काय म्हटलं? अगं, असेलच कशी! ती तर भट्टीत वितळून सत्तावीस वर्षं झाली!"

फडकं मांडीवरच राहिलं.

"कुठल्या भट्टीत?" योगिनीने विचारलं.

आत्या मोगऱ्याकडे बघायला लागली. काकांनी व्हर्नियर पेटीत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"काका, कुठल्या भट्टीत?"

"मंडीदीपला," काका म्हणाले. "भंगारवाल्याबरोबर मी गेलो होतो. तुकडे होताना पाहिले. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही."

मंडीदीपला ती रोज जात होती. आठवड्यातून सहा दिवस, खिडकीत बसून.

"तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "त्या वेळी घरात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. सून मिसरोदपर्यंत सायकल हाणत जाते, सासऱ्यांच्या नंतर घरी येते. लोक बोलायला लागले होते."

"काय बोलत होते?"

"बोलत होते."

"काय, आत्या? एक वाक्य सांग."

आत्याने आठवून पाहिलं. तिला खरोखरच एकही वाक्य आठवेना, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती म्हणाली, "चोरीला गेली असं सांगायचं मीच सुचवलं. तिचं मन दुखू नये म्हणून."

योगिनी बाबांकडे वळली. "आणि तुम्ही चौकीवर अर्ज केलात. न झालेल्या चोरीचा."

"तुझी आई म्हणाली म्हणून," बाबा म्हणाले. "ती रडत होती, योगू. चला चौकीवर, चला चौकीवर म्हणत होती. मला अर्ज लिहिण्यापलीकडे काही सुचलं नाही." ते जरा थांबले. मग अगदी आशेने म्हणाले, "वर्णन सगळं खरं लिहिलंय."

ह्यावर हसावं की डोकं आपटावं, हे दुसऱ्या कुठल्या दिवशी योगिनीला ठरवता आलं असतं. तिने पर्समधलं नाणं काढून बाबांसमोर धरलं. त्यांनी ते ओळखलं. भिंगाची गरज पडली नाही.

"बाजारात ती वाकायची," योगिनी म्हणाली, "तेव्हा तुम्ही काय करायचात?"

बाबांनी नाण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"पिशव्या धरायचो," ते म्हणाले.

रॉकेलच्या वाटीत एक माशी पडली, ती काढायलाही कुणी उठलं नाही. शेवटी आत्यानेच पदराने डोळे टिपले आणि घराचा कारभार पुन्हा हातात घेतला.

"झालं गेलं गंगेला मिळालं. आजोबा गेले, सुचेता गेली. आता हे धूड परत देऊन ये. कुणा परक्याची वस्तू, नियम मोडून घरात कशाला?"

"थांब ताई," काका म्हणाले. त्यांना काहीतरी सुचलं होतं. ते आत गेले आणि आजोबांची पंचांची पेटी घेऊन आले. झाकणावरही ४१७६३ होतं. "योगू, रडू नकोस. हा परका नंबर मी घासून काढतो आणि आपला मारून देतो. चार एक सात सहा तीन. तोच पंच आहे गं! तोच! ओळखूसुद्धा येणार नाही. मग झाली की नाही आईची?"

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. तो माणूस मनापासून बोलत होता, आणि हेच वाईट होतं.

"तसं करता येईल," बाबा हळूच म्हणाले. "रंगही काळा देऊ."

योगिनीने सायकल सुलटी केली. कुणाची मदत न घेता उचलून पुन्हा कुंडीशेजारी उभी केली. मग पंचांच्या पेटीचं झाकण लावलं.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"नाही, काका. ही आईची नाही. आईची तुम्ही वितळवलीत, आजोबांनी सांगितलं म्हणून, आत्याने सुचवलं म्हणून, आणि बाबांना काही सुचलं नाही म्हणून. ही दुसऱ्या कुणाची तरी होती, आता माझी आहे. हिच्यावर नंबर पडणार नाही. आजोबांचा नाही, तुमचा नाही, माझासुद्धा नाही. ही परत जाणार नाही. आणि ह्या घरात सायकलचं नाव निघणार. रोज निघणार. का, असं कुणी विचारलं तर मी सांगणार. शेजारच्यांना सांगणार, पाहुण्यांना सांगणार, भाजीवालीला बोलावून सांगणार. सायकल, सायकल, सायकल!"

एवढं बोलल्यावर तिथे थांबणं शक्यच नव्हतं. योगिनी ताडकन सायकलवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा. तिने हँडल घट्ट धरलं, मान वर केली आणि सगळ्या रागानिशी पायडल मारायला सुरुवात केली. आणि काय आश्चर्य, सायकल डगमगली नाही! तोल जाईना, काही नाही. एवढ्यासाठी लोक गुडघे फोडून घेतात? वारा लागत नव्हता खरा, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय आपोआप फिरत होते. मिसरोद गेलं असेल, मंडीदीप गेलं असेल. आणखी बरंच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की मोगऱ्याची कुंडी अजून शेजारीच आहे.

सायकल स्टँडवर होती. मागचं चाक हवेत गरगर फिरत होतं.

तिने हळूच व्हरांड्याकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्याच्या कामातली खोट दाखवत आलेली तीन माणसं ओळीने बसली होती, आणि त्यांच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही.